लिख्याबाबाचा लाईटमन

“अजून खाली, काका. अजून. दगडाच्या कानात काहीतरी सांगताय असा धरा लाईट,” विधी म्हणाली.

अभिमन शिंप्याचा हात काही खाली जाईना. मनाची तयारी होती, पण हात तीस वर्षांचा जुना नोकर. नव्या मालकाचं एकदम कसं ऐकेल? लग्नाच्या शूटिंगमध्ये लाईट धरणाऱ्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात, की लाईट वर. समोरून, डोक्याच्या वर, आणि भरपूर. खालून दिला की नवरीच्या मावशीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उभी राहते आणि चार दिवसांनी मावशीचे यजमान स्टुडिओत येऊन उभे राहतात. भडगाव-पाचोऱ्याकडच्या हजारएक मावश्यांना अभिमनने या प्रसंगातून वाचवलं होतं.

“सुरकुत्या दिसतील, मॅडम,” तो म्हणाला.

“त्याच तर पाहिजेत.”

अभिमनने हात खाली नेला. कुणाच्या तरी घरात चपला घालून शिरावं, तसं त्याला वाटलं.

दगड रेल्वेलाईनीच्या कडेला, एका निंबाखाली होता. ज्या गावात होता तिथे गाडी थांबत नाही, त्यामुळे गावाचं नाव सांगून उपयोग नाही. गुडघ्याएवढा उंच, वरून गोल, आणि शेंदराच्या थरांनी एखाद्या सुखवस्तू माणसासारखा भरलेला. गाव त्याला लिख्याबाबा म्हणत असे. कधीकाळी त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं, एवढंच नावात उरलं होतं. जे लिहिलेलं वाचता येत नाही त्याच्यापुढे हात जोडायची आपल्याकडे पद्धतच आहे, तलाठ्याच्या कागदापुढे आपण तसेच उभे राहतो. गावचा प्रत्येक नवरदेव मांडवात शिरण्याआधी इथे येऊन बाबाला हळद लावायचा, कारण जोडीचं नशीब बाबा लिहितो. लग्नं टिकत होती की नाही याची कुणी चौकशी केली नव्हती. हळद मात्र चुकली नव्हती.

विधी ही जळगावच्या लखीचंद शेठ कापडवाल्यांची नात. पुण्याला कॉम्प्युटर शिकली, पुढे परदेशात गेली आणि तिकडे भलतंच शिकून आली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी खापरांवर, चामड्यांच्या तुकड्यांवर लिहिलेली, डोळ्याला अजिबात न दिसणारी हिब्रू अक्षरं ती कॅमेरा आणि कॉम्प्युटर लावून वाचायची. घरचे नातेवाइकांना सांगत, विधी कॉम्प्युटरमध्ये आहे. ते खोटं नव्हतं. तिच्या आजीने, सायरबाईंनी, सगळं शांतपणे ऐकून घेऊन एवढंच विचारलं होतं, की त्या लिपीत कुणी चांगला मुलगा आहे का.

आणि तिला इथे आणलं होतं हन्नाबाई तळकरांनी. भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या, आता वय एक्क्याऐंशी. पांढरी साडी, पायात कापडी बूट, हातात पिशवी. धर्माने यहुदी, बोलणं आपलं अलिबागकडचं मराठी. त्यांचे पणजोबा मुसाजी ही लाईन टाकली जात असताना मजुरांची हजेरी घ्यायला इकडे आले आणि पटकीत गेले. बरोबरच्या लोकांनी लाईनीच्या कडेला पुरून वर दगड लावला, एवढं घरात ठाऊक होतं. कुठे लावला ते ठाऊक नव्हतं. त्याहून मोठी पंचाईत म्हणजे मुसाजींच्या बापाचं नाव कुणाला आठवत नव्हतं. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणताना अमुक, तमुकचा मुलगा, असं म्हणावं लागतं. चार पिढ्या त्या घरात मुसाजींचं नाव घेऊन झालं की पुढे अर्धा श्वास थांबत. हन्नाबाईंना मरायच्या आधी ती जागा भरायची होती.

दगड खरवडून बघणं शक्यच नव्हतं. बाबाची व्यवस्था तोताराम आबांकडे होती आणि त्यांनी सकाळीच येऊन बजावलं होतं. “दखा बाई, फोटो काढा, कितला बी काढा. पन शेंदूरना कण बी हालाले नको. गावना बठ्ठा नवरदेव याना पाया पडेल शेतस.”

विधी म्हणाली, दगडाला बोट लावणार नाही. कॅमेरा एका जागी राहील, दगड तर राहतोच आहे. फिरेल फक्त लाईट. अठ्ठेचाळीस जागांवरून, बऱ्याच खालून, प्रत्येक वेळी एक फोटो. कॉम्प्युटर ते सगळे एकत्र करेल, मग शेंदराचा रंग बाजूला काढून फक्त उंच कुठे आणि खोल कुठे ते दाखवेल. शेंदूर अक्षरांत भरला तरी वर किंचित खळगा राहतोच. तो सावलीला कळतो, डोळ्याला कळत नाही.

त्यासाठी अंधार हवा होता आणि लाईट धरायला माणूस. ती भडगावला बादलच्या स्टुडिओत गेली. बादलची सगळी माणसं एका जोडप्याला घेऊन लग्नाआधीचे फोटो काढायला केळीच्या बागेत गेली होती. रिकामा म्हणून अभिमन मिळाला.

तो रिकामा का होता, हे बादलने सांगितलं नाही आणि अभिमननेही नाही. गेल्या वर्षापासून त्याचा उजवा हात हलायला लागला होता. घरी चहाची बशी वाजायची, तेवढंच. पण वैशाखात कमलबाई म्हणून एका नर्सबाईंच्या मुलाच्या लग्नात, याच दगडापुढे, नवरदेव हळद लावत असताना हात असा काही हलला की लाईट खाली घसरला आणि सावरेपर्यंत दोन सेकंद गेले. व्हिडिओत बाबा, नवरदेव आणि नवरदेवाचे मामा एकदम भुतासारखे दिसले. कमलबाई स्टुडिओत येऊन बोलून गेल्या. बादलने वाद घातला नाही. त्याने दोन लोखंडी स्टँड आणले. स्टँडचा हात हलत नाही, स्टँड जेवायला मागत नाही आणि पंगतीत आहेराच्या टोपीसाठी रुसत नाही.

म्हणून हा निरोप आला तेव्हा अभिमनने मांडवाचं जाड कापड, ताडपत्री, बांबू, दोऱ्या असं सगळं न सांगताच बरोबर घेतलं. बायको जमना दारात उभी राहून बघत होती. हात कसा आहे असं तिने विचारलं नाही. दुपारपर्यंत टिकला तर बादलच्या कानावर जाईल, एवढाच हिशेब दोघांच्याही डोक्यात होता. दुपारच्या आत परत आला तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, हेही होतं. ते बोलायची गरज नव्हती.

मांडव त्याने अर्ध्या तासात उभा केला, आतून गुलाबी, वरून ताडपत्री. भर उन्हात आत संध्याकाळ झाली. दगडाभोवती इतका थाट करून फक्त अक्षता टाकायच्या राहिल्यात, असं हन्नाबाई म्हणाल्या.

मग विधीने पिशवीतून एक गोटी काढली. सुपारीएवढी, काळी, आरशासारखी चकचकीत. ती तिने एका काडीवर बसवून दगडाच्या शेजारी, कॅमेऱ्यात येईल अशी उभी केली. लाईट किती लांब धरायचा ते चुकू नये म्हणून एक दोरीही मापून दिली. गोटी कशासाठी, हे ती सांगणार होती, पण तेवढ्यात तिला फोन आला. लखीचंद शेठ विचारत होते, जेवायला दगडाकडेच आहेस की घरी येणार?

अभिमनने पहिल्या जागेवर उभं राहून लाईट लावला. गोटीत एक पांढरा ठिपका उमटला. त्याने निरखून पाहिलं. ठिपका थरथरत होता.

हात हलतोय हे त्याला माहीत होतं. पण हाताचं हलणं असं वेगळं काढून, काळ्या मखमलीवर हिऱ्यासारखं मांडून ठेवलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता विधी कॅमेऱ्याला डोळा लावेल, तिला पहिल्यांदा हेच दिसेल, आणि बादलला फोन जाईल.

त्याच्या खिशात पावडरची डबी होती. ती तीस वर्षं होती. फ्रेममध्ये काहीही चकाकलं, सासऱ्याचं टक्कल असो की घामेजलेलं कपाळ, लाईटमनने पुढे होऊन हलक्या हाताने पावडर लावायची, हा धंद्याचा नियम. चकाकणारी वस्तू फ्रेममध्ये ठेवणं हाच मुळात या पोरीचा कच्चेपणा, असं त्याने स्वतःला पटवलं. फोन संपायच्या आत त्याने गोटीला पावडर लावली. चांगली, सारखी, चेहऱ्याला लावतात तशी. ठिपका गेला. मांडवात आधीच अंधार. गोटी आता खडूच्या गोळ्यासारखी निमूट दिसत होती.

अठ्ठेचाळीस फोटो झाले. दोरी ताणायची, लाईट धरायचा, विधी “हं” म्हणाली की पुढच्या जागेवर. उकिडवं बसून, गुडघ्यावर, एकदा तर जमिनीवर आडवं होऊन. मांडवाबाहेर तोताराम आबा आणि हन्नाबाई निंबाखाली बसून सांधेदुखीवर बोलत होते आणि आबांना पस्तीस वर्षांच्या अनुभवाचा सल्ला फुकट मिळत होता. अभिमनचा खांदा भरून आला, पण त्याच्या मनात कुठेतरी बँड वाजायला लागला होता. कुणालाही कळलं नव्हतं.

विधीने फोटो लॅपटॉपमध्ये घातले. कॉम्प्युटरने थोडा विचार केला आणि एकही घेतला नाही. तिने पुन्हा घातले. पुन्हा नाही. मग तिने एक फोटो मोठा करून पाहिला, उठून गोटीजवळ गेली आणि गोटीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. तिने ते नाकाशी नेलं.

“काका, गोटीला चंदनाचा वास कसा येतोय?”

खोटं बोलायला अभिमनला वेळ होता. वारा, धूळ, मांडवाचं कापड, पुष्कळ गोष्टी हाताशी होत्या. पण समोर बाबा होता आणि त्याच्यापुढे तीस वर्षं उभं राहिल्यावर माणसाला थोडी भीड पडते.

“मी लावली पावडर,” तो म्हणाला. “चमकत होती म्हणून. आणि... हात हलतो माझा, मॅडम. त्या गोटीत दिसत होतं. बादलने त्यासाठीच घरी बसवलंय. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.”

 हन्नाबाई बोलणं ऐकून मांडवात आल्या होत्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने बोटं उघडून पाहिली, आणि भुसावळच्या दवाखान्यात पुष्कळांना विचारलं असेल त्या आवाजात विचारलं, “किती दिवस झाले?”

“वर्ष.”

“कमलच्या मुलाच्या लग्नात लाईट तुम्हीच धरला होतात ना? इथेच. खाली घसरला होता.”

अभिमनने मान हलवली. बदनामी भुसावळपर्यंत गेली होती तर.

“कमल माझ्या हाताखाली होती,” हन्नाबाई म्हणाल्या. “तिने तो व्हिडिओ मला दाखवला तो तुमच्या नावाने खडे फोडायला. मी तो अकरा वेळा पाहिला. लाईट खाली गेला त्या दोन सेकंदांत नवरदेवाच्या बोटांशेजारी एक अक्षर उभं राहिलं. तीन दातांचं. आमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात रोज बघते मी ते. लगेच तुम्ही लाईट वर घेतला आणि गेलं.” त्यांनी त्याचा हात सोडला. “तुमचा हात धड असता, तर मी आज घरी बसून टीव्ही बघत असते.”

 अभिमनने सवयीने लाईट बंद केला, वीज कशाला जाळायची म्हणून.

विधी रुमालाने गोटी पुसत होती. चूक तिची आहे, ती म्हणाली, फोन ठेवून आधी सांगायला हवं होतं. कॉम्प्युटरला लाईट कुठून आला हे दिसत नाही. तो गोटीतला ठिपका बघतो आणि त्यावरून ठरवतो. प्रत्येक फोटोत लाईटवाला कुठे उभा होता, हे गोटीच सांगते.

“मग हलला तर?”

“हलू दे की. ठिपका थोडा लांबट येईल. हात कुठे होता ते कळल्याशी मतलब. त्याला स्थिर हात नकोय, काका. लपवलेला नको, एवढंच.”

स्टँड का नाही आणला, असं अभिमनला विचारायचं होतं. ते तिला न विचारताच कळलं असावं. ती म्हणाली, एवढ्या खाली, एवढ्या खाचाखोचांतून स्टँड जात नाही. स्टँडला आडवं पडता येत नाही.

हे वाक्य अभिमनने नीट घडी करून ठेवून दिलं. बादलला सांगायला.

दुसरी फेरी सुरू झाली. आता त्याने बाह्या सरसावल्या. दोरी ताणून झाली की तो मुद्दाम गोटीकडे बघून घ्यायचा. ठिपका तिथे असायचा, थरथरत, तिकीट काढून बसलेल्या प्रवाशासारखा. विसाव्या फोटोनंतर त्याला खालून लाईट द्यायची गोडी लागली. तिसाव्यानंतर तो विधीला सांगायला लागला, इकडून देतो, इकडे काहीतरी उभं राहतंय. सासऱ्याच्या कपाळावरची आठी त्याला वीस फुटांवरून कळायची. तीस वर्षं तो सावल्या पुसत आला होता, म्हणजे सावली कुठे पडते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, फक्त हे ज्ञान उलट्या कामाला लागायचं राहिलं होतं.

या वेळी कॉम्प्युटरने सगळे फोटो घेतले. पडद्यावर लिख्याबाबा आला, आधी शेंदरी. विधीने कुठेतरी दाबलं आणि शेंदूर गेला. दीडशे वर्षांची हळद गेली. राखी रंगाचा एक साधा दगड राहिला, न्हाऊन बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. तिने बोट फिरवलं तसा पडद्यावरचा उजेड फिरला, वरून बाजूला, बाजूवरून खाली, आणि अगदी खाली आला तेव्हा दगडावर ओळी उगवल्या.

चार होत्या. तोताराम आबा चष्मा शोधायला लागले, जणू चष्मा लावला की त्यांना हिब्रू वाचता येणार होतं.

विधी उजवीकडून डावीकडे बोट नेत सावकाश वाचत गेली. इथे पुरलेला आहे. मग ती थांबली, हन्नाबाईंकडे पाहिलं, आणि म्हणाली, “मोशे. म्हणजे मुसाजी.” पुढे तीन दातांचं ते अक्षर होतं. “बेन शमुएल. शमुएलचा मुलगा.”

“सामाजी,” हन्नाबाई म्हणाल्या. “आमच्यात शमुएलला सामाजी म्हणायचे.” मग त्या थोड्या थांबल्या. “मुसाजी सामाजी.” सबंध नाव त्यांनी एका श्वासात म्हटलं.

त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि दगडाकडे तोंड करून काहीतरी म्हटलं. ते कुणाला कळलं नाही, पण मधे ते नाव आलं तेव्हा सगळ्यांना कळलं.

तोताराम आबांच्या मनात मात्र मोठी खळबळ होती. बाबा म्हणजे कुणाची तरी समाधी, आणि माणूस परगावचा, परधर्माचा, हे गावाला सांगायचं कसं? त्यांनी आडून आडून विचारलं, तुमचे लोक मूळ करत काय होते? हन्नाबाई म्हणाल्या, कोकणात तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे.

आबांचा चेहरा उजळला. घाणा म्हणजे ओळखीची गोष्ट. घाणा चालवणारा माणूस परका असूच शकत नाही. “मंग आपलाच ना,” ते म्हणाले. “हळद चालू राही. आपन लावत ऱ्हातस, तो लिखत ऱ्हास.” मग त्यांना दुसरा मुद्दा सुचला. गावातल्या प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका बाबापुढे ठेवायची रीत आहे. बाबाचं माणूस हयात असेल तर पत्रिका त्या माणसाच्या हातात द्यायला नको का? त्यांनी हन्नाबाईंचा भुसावळचा पत्ता लिहून घेतला. येत्या सीझनला गावात चौदा लग्नं होती. बाईंनी सगळ्यांना यायचं कबूल केलं. एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या दिनदर्शिकेत एकदम इतकी गर्दी झाली.

मग त्यांनी पिशवी उघडली. नाव सापडलं तर मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करीन, असं त्या बोलल्या होत्या, आणि नाव सापडेल याची खात्री इतकी की पोहे, गूळ, खोबरं, वेलची सगळं घरून आलं होतं. केळी वाटेत फैजपूरवाल्याकडून घेतली होती. गुलाबी मांडवात बसून त्यांनी पोहे कालवले आणि एलियाहू नबीचं नाव घेऊन सगळ्यांच्या हातावर ठेवले. जवळच्या घरांतली पोरंबाळं, बाया, लाईनीवर काम करणारे दोघे, जो आला त्याला मिळाले. गोड पोहे गावाला नवीन होते. दुसऱ्यांदा मागायला कुणी लाजलं नाही. मांडव होता, पंगत होती, नवरानवरी तेवढे नव्हते, आणि ते नसल्यामुळे कुणी रुसलंही नाही.

अभिमनने मलिदा डाव्या हाताने घ्यायला हात पुढे केला, मग तो मागे घेऊन उजवा केला. पोह्यांचे चार दाणे सांडले. ते त्याने उचलून खाल्ले.

निघताना विधीने विचारलं, पूर्ण नाव काय लिहू? या कामाचा लेख छापला जाईल, त्यात कॅमेरा कुणाचा, वाचन कुणाचं, लाईट कुणाचा, सगळं द्यावं लागतं. अभिमन म्हणाला, अभिमन पुना शिंपी. नाव, आणि बापाचं नाव. तिने ते तसंच लिहिलं.

घरी जमना धुणं वाळत घालत होती. ऊन उतरलं होतं, म्हणजे दुपार होऊन गेली होती, म्हणजे टिकला. तिने चहा ठेवला. कपबशीऐवजी पेला काढून ठेवला. त्याने ओट्यावर बसून मोबाईल काढला. विधीने एक फोटो पाठवला होता.

जमनाने पदराला हात पुसून मोबाईल घेतला. फोटोत ती आधी माणूस शोधते. सुनिताच्या, म्हणजे स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये दोनशे बारा फोटो आहेत, आणि अभिमन एकातही नाही. लाईट त्यानेच धरला होता. जावई एकदा सरळ मनाने विचारून गेले होते, मामंजी त्या दिवशी गावाला होते का. तेव्हापासून ती अल्बम काढत नाही.

“दगड शे,” ती म्हणाली. “तुम्ही कोठे शेतस यामा?”

अभिमनने बोट पुढे केलं. दगडाच्या शेजारी, काडीवर, सुपारीएवढी काळी गोटी होती. गोटीत एक पांढरा ठिपका.

“हाऊ.”

तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पदराने काच पुसून पुन्हा जवळ नेला. चहा उकळून वर यायला लागला होता. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“हालेल शे थोडा,” ती म्हणाली, आणि मोबाईल काही परत दिला नाही.